फट् नव्हे, फुट्!

असा एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणार. पार्किंगच्या कोपऱ्यात खाकी कव्हर घातलेली जुनी गाडी असते, तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. त्या पायांना मनातल्या मनात नमस्कार करायचा आणि चपला न वाजवता निघून जायचं. "कोण आहे रे?" असं खालून आलं आणि तुम्ही थांबलात, तर गेला अर्धा तास.

आमच्याकडचे पाय पद्मिनीवाल्या काकांचे. त्यांना आडनाव आहे, पण ते फक्त वीजबिलावर. गाडी 1978 सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. वडिलांनी नंबर लावून घेतलेली आणि मुलाने नंबर लावल्यासारखी जपलेली. काका बँकेतून निवृत्त झालेत, मेंटेनन्स वेळेवर भरतात, मीटिंगला भांडत नाहीत. खोड एकच. सायलेन्सरचा आवाज तोंडाने काढून दाखवतात.

गाडीचा आवाज काय, पोरंसोरंही काढतात. काका निदानासकट काढतात. गॅस्केट उडालं की 'च्यक्-च्यक्'. सायलेन्सरमधले पडदे सुटले की 'खळ्ळ-फट्, खळ्ळ-फट्'. पाइपला भोक पडलं की उघडंवाघडं 'फट्'. आणि तब्येत उत्तम असली की ओठ जरा मिटून, शेवटचा ट् निम्मा गिळून, 'फुट्-फुट्-फुट्'. तुम्ही सौजन्यापोटी "वा, फट्-फट् छान वाजतेय" म्हणालात की संपलं. खांद्यावर हात येतो. "फट् नव्हे हो, फुट्! म्हणा बघू."

मी म्हटलंय. पार्किंगमध्ये उभं राहून, ऑफिसच्या कपड्यात, वॉचमनसमोर म्हटलंय.

काकांनी कवळी करून घेतली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, चावताना टोचतंय का? काकांनी चावून पाहिलंच नाही. दोनदा 'फुट्' करून पाहिलं आणि "ट् नीट लागत नाहीये" म्हणून कवळी परत घासायला दिली. नातवाच्या बारशाला बाळ रडायचं थांबेना, तर पाळण्यावर वाकून हे सुरू. बाळ गप्प झालं. तेव्हापासून बाळाला गाडीचं अंग आहे अशी त्यांची खात्री आहे. शेजारच्या आजोबांच्या दहाव्याला कुणीतरी सहज म्हणालं, आजोबांना पद्मिनीतून फिरायला फार आवडायचं. झालं! काकांनी ती 1982 मध्ये कशी वाजायची ते भरल्या घरात वाजवून दाखवलं. आजी पदर तोंडाला लावून हसल्या. मग रडल्या.

गंमत अशी की एवढं सगळं होत असताना खऱ्या गाडीतून मात्र फुट् कधीच गायब झाला होता. काका सकाळी भाजीला निघाले की दुसऱ्या मजल्यावरच्या भांड्यांना कळायचं. सोसायटीने पत्र दिलं. काकांनी उत्तरात लिहिलं की युरोपात 2021 पासून नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना मुद्दाम आवाज बसवावा लागतो, नाहीतर चालणाऱ्याला गाडी आलेली कळत नाही. तिकडे बसवावा लागतो, इथे आपण फुकट देतोय. चेअरमननी ते पत्र फाइलला लावलं आणि कानात कापूस घातला. बुलेटचे सायलेन्सर बदलून फटाके वाजवणाऱ्या पोरांवर मात्र काकांचा राग भलताच. पोलीस असले सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवतात, त्या बातमीचं कात्रण त्यांनी लिफ्टमध्ये चिकटवलं. "ती पोरं पैसे देऊन फट् घेतात! आपला फट् वयोमानाने आलाय."

शेवटी निर्णय काकूंनी घेतला. सिग्नलला उभं राहिलं की त्यांचं डोकं दुखायला लागायचं. गॅरेजच्या उस्तादने बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं आणि काकांना झापलं. धुराचा वास येतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पाइप फुटका असला की तो फटीतून गाडीत शिरतो आणि माणूस गुंगतो. काकू तिथल्या तिथे म्हणाल्या, "अहो, एक तर हा पाइप बदला, नाहीतर मी रिक्षाने जाते." रिक्षा हा शब्द काकांना लागला.

गाडी वर घेतली. नट गंजून एकजीव झालेले. तेल सोडून रात्रभर ठेवले, सकाळी गॅसने लाल केले, तरी मॅनिफोल्डचा एक स्टड मोडलाच. सायलेन्सर खाली आला तो अखंड नाहीच. वेल्डिंगचे टिक्के, त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा, त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी, त्यावर तारा. उस्ताद म्हणाला, "काका, इसमें सायलेन्सर कम, पट्टी जादा है." त्याने तो उभा धरून हलवला तर तपकिरी पापुद्रे आणि पाठोपाठ पेलाभर गढूळ पाणी बाहेर पडलं.

पाणी बघून काकू चमकल्या. मग काकांनी समजावलं, नको तिथे प्रामाणिकपणा करून. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफ होऊन पाइपात जातं. गाडी लांब पळाली तर पाइप तापतो आणि वाफ बाहेर निघून जाते. घर ते मंडई एवढ्यात तो तापतच नाही. पाणी आतच साचतं, त्यात धुरातली आम्लं मिसळतात आणि पत्रा आतून खात सुटतात. बाहेरून रंग शाबूत, आतून चाळण.

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं म्हणतेय तसं महाबळेश्वरला नेलं असतं, तर हा टिकला असता?"

त्यांच्या लग्नानंतर काकांना निरुत्तर झालेलं बघणारा बहुधा मीच पहिला. 'गाडीला घाट झेपायचा नाही' या एका वाक्यावर त्यांनी सगळा संसार मंडईपर्यंत चालवला होता.

नवा सायलेन्सर हे वेगळंच प्रकरण. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर काकांना कसली ददात नव्हती. कारखान्यातली गाडी 2000 च्या सुमाराला बंद पडली, पण टॅक्सीमुळे पार्ट बनत होते, निदान मोडीत तरी मिळत होते. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. त्या संध्याकाळी काका पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मी मुद्दाम समोरून गेलो, मुद्दाम "काय म्हणतेय फट्-फट्?" असं विचारलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही.

नाना पेठेत सायलेन्सर बनवून देणारा एक मिळाला. तो म्हणाला, स्टेनलेस घ्या, गंजायचं नाव नको. काकांनी दुकानातल्या स्टेनलेसच्या पाइपावर पाना वाजवून पाहिला, कान लावला आणि मान हलवली. "हा टुंग् आहे." आतले पडदे किती, भोकं कुठे, हे दुकानदाराला नकाशाने पटेना, तेव्हा काउंटरवर कोपर टेकून काकांनी आवाज काढला. चार सिलिंडर, सावकाश चालताना मिनिटाला 800 फेरे, म्हणजे 1600 स्फोट. ते आत आपटून एकमेकांना मारतात आणि उरतो तो फुट्. दुकानदाराने पोऱ्याला हाक मारली, "अरे, इकडे ये, ऐक." बनवताना त्याने फोनवरून तोंडानेच विचारणा केली. अलीकडून काका, पलीकडून तो. काकू दार लावून घेत होत्या.

बसवला. पितळी नट लावले, ते पकडून बसत नाहीत. नवे रबर, नवं गॅस्केट. किल्ली फिरवली आणि खरंच फुट्. मऊ, गोल, ओठ मिटलेला. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं आम्हाला छळत नव्हता, त्याच्याकडे जे उरलं नव्हतं ते तो पाठ करून ठेवत होता. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, डोक्यावर बसतील.

मग दोघं महाबळेश्वरला गेले. पसरणीच्या घाटात अर्ध्यावर काकूंचा मला फोन, काका गाडी चालवत होते म्हणून. मला वाटलं, गाडी बंद पडली. काकू म्हणाल्या, "तसं काही नाही. पण ऐका, मघापासून असं होतंय." आणि कधी मोठ्याने शिंकलेल्या मी पाहिल्या नाहीत त्या बाईंनी फोनवर स्पष्ट काढलं, "फुट्-फुट्-च्यक्. फुट्-फुट्-च्यक्. हे गॅस्केट नाही हो, मॅनिफोल्डला तडा गेलाय. यांना पटत नाहीये."

परत आल्यावर उस्तादने पाहिलं. तडाच होता, मोडलेल्या स्टडच्या शेजारी. ओतीव लोखंड आहे, वेल्डिंगने किती दिवस धरेल कोण जाणे. 2028 मध्ये गाडी पन्नाशी ओलांडेल, मग तिला व्हिंटेजचा 'व्हीए'वाला नंबर मिळू शकतो. तोवर तिने रस्त्यावर राहायला हवं. तर गावच्या घरी, गोठ्यात, माळ्यावर कुणाकडे पद्मिनीचं तडा न गेलेलं मॅनिफोल्ड पडलं असेल तर कृपा करून भंगारात घालू नका, कळवा. फोन उचलल्यावर बाई आवाज काढून दाखवू लागल्या तर दचकू नका, आणि चुकूनही फट् म्हणू नका.