वरात उलटी कशी फिरली?

धरणगावात लग्न एका दिवसात उरकतं, त्याच्या व्हिडिओचं मिक्सिंग मात्र दिवाळीपर्यंत चालतं. एडिटरच्या मानगुटीवर घरचं कुणीतरी बसायला हवं, म्हणून पुतण्याच्या लग्नानंतर मला धाडलं.

वरात डावीकडून उजवीकडे निघाली होती. पुढच्या शॉटला तीच वरात उजवीकडून डावीकडे! नवरदेव मारुतीचं दर्शनही न घेता बिनलग्नाचा घरी निघालाय, असं वाटावं. घडलं इतकंच, की कॅमेरावाला नाचणाऱ्यांतून वाट काढत रस्त्यापलीकडे गेला. चालणाऱ्याच्या दिशेने मनात एक रेघ ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवायचा, हा 180 अंशांचा नियम. बँड वाजायला लागल्यावर तो पाळतो कोण?

"शॉट आडवा फ्लिप करी टाक ना भो," मी अक्कल पाजळली. त्याने केला. वरात सुधारली, पण बँडच्या गाडीवरचं नाव उलटं झालं, नवरदेवाची कट्यार डाव्या हातात गेली आणि समस्त काकूंचे पदर उजव्या खांद्यावर आले. मग त्याने मधे बँडमास्तर घातला. तो सरळ कॅमेऱ्यावर चालून येतो. ना डावा, ना उजवा. बघणाऱ्याला एकदा दिशा विसरायला लावली, की वरात हवी तिकडे वळवा.

अक्षता टाकताना मामांच्या डोक्यावर टोपी, पुढच्या शॉटला टक्कल. यावर इलाज असा, की हात वर जात असतानाच कापायचं आणि दुसऱ्या शॉटमधला खाली येणारा हात जोडायचा. नजर अक्षतांमागे जाते, टकलाकडे नाही. खालून मंगलाष्टकं सलग वाजत ठेवली, की कानही साक्ष देतात: काही तुटलेलं नाही.

कॅमेरा जागचा न हलवता मधला तुकडा काढला, तर माणूस उडी मारतो. जॉर्ज मेलिएसने 1896 साली कॅमेरा थांबवून, याच उडीतून खुर्चीवरची बाई गायब केली. आमच्या पंगतीत आप्पांच्या ताटातल्या चार बट्ट्या अशाच गेल्या. इथे मात्र एडिटर निर्दोष आहे. मूळ फुटेज पाहिलं. वेग तोच होता.

जिथे काहीच जुळेना, तिथे त्याने पदराने वारा घेणाऱ्या आत्याबाई टाकल्या. त्यामुळे नवरीखालोखाल त्याच जास्त दिसतात. व्हिडिओ उत्तम झालाय, असं म्हणणाऱ्याही घरात त्या एकट्याच.

तेव्हा वऱ्हाडी मंडळींना विनंती: टोपी घातलीच, तर शेवटचं मंगलाष्टक होईस्तोवर काढू नका. आत्याबाई आणखी वाढवायला आता जागा नाही.