पाण्याला ९८वर उकळायची परवानगी नाही

भाची नववीत आहे, पुण्यात. परवा तिची विज्ञानाची प्रयोगवही चाळत होतो. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेली तिवई, तिच्यावर जाळी, जाळीवर चंचुपात्र, त्यात लोंबणारी तापमापी. नावं एकाखाली एक, पट्टी धरून. खाली तक्ता: दर मिनिटाला पाण्याचं तापमान. शेवटच्या तीन ओळींत ९८, ९८, ९८. तिन्हींभोवती मिळून एक लाल गोळा आणि शेजारी शेरा: '१००. निरीक्षण काळजीपूर्वक करावे.'

"नीट पाहिलं नव्हतंस का गं?"

"तीनदा पाहिलं, मामा. गटातल्या सगळ्यांनी पाहिलं. पण त्यांनी १०० लिहिलं."

"का?"

"१००च असतं ना!"

तर पोरीचा गुन्हा एवढाच की दिसलं ते तिने लिहिलं.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी हवेच्या दाबाने पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटर उभा राहतो, पुण्यात तो ७१०च्या आसपासच. वरून दाबणारं कमी झालं की पाणी लवकर उसळतं. पुण्यात ते ९८च्या जेमतेम वर उकळतं. म्हणजे गटात बरोबर उत्तर हिचं एकटीचं, आणि लाल गोळाही हिलाच. मुंबईच्या मुलांना १०० आयते मिळतात. (मुंबईकरांना आणखी काय काय आयतं मिळतं, हे पुणेकराला विचारू नका, सदराची जागा पुरायची नाही.)

गंमत म्हणजे ज्या बालभारतीतून राज्यभर पाठ्यपुस्तकं जातात, तीही पुण्यातच, सेनापती बापट रस्त्यावर. तिथल्या टपरीवरचा चहासुद्धा १००ची वाट पाहत नाही. तिथून फार लांब नाही ते हवामान खात्याचं कार्यालय. पुणेकर त्याला अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ साली ते खातं शिमल्याहून इथे आलं. शिमला २२०० मीटरवर. म्हणजे साहेबलोकांच्या चहाचं पाणी पुण्यात आल्यावर पाचेक अंश जास्त तापायला लागलं असणार. त्यांनी पुण्याच्या उकाड्याबद्दल तक्रार केली असेल तर ती पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही.

पुस्तकाला दोष देत नाही. कुठल्याही धड पुस्तकात १००च्या शेजारी दाबाची अट असते. पण परीक्षेत आकडा विचारतात, अट नाही. म्हणून आकडा पाठ होतो आणि अट छापखान्यातच राहते. शाळेची तापमापी म्हणजे काही हवामान खात्याची नव्हे, हेही मान्य. तीही एखाद्या अंशाची थाप मारू शकते. मग ती वितळत्या बर्फात बुडवायची आणि शून्य दाखवते का ते पाहायचं. आणखी एक प्रयोग फुकटात झाला असता. पण बाईंपुढे साठ मुलं, चार स्पिरिटचे दिवे आणि ३५ मिनिटांचा तास. त्यात बर्फ कुठून आणणार? लाल पेन मात्र पर्समध्येच असतं.

आता ज्याच्या नावाने हे अंश मोजतात, त्या सेल्सिअसची वही बघा. १७४२ साली या स्वीडिश गृहस्थाने मोजपट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला १०० दिलं होतं. ती उलटी केली ती पुढच्या लोकांनी. आणि हवेचा दाब बदलला की उकळण्याचा बिंदू सरकतो, हे त्याने त्याच निबंधात नोंदवून ठेवलंय. आमच्या भाचीच्या शाळेत तो असता तर त्याला दोन लाल गोळे मिळाले असते आणि पालकांना बोलावणं गेलं असतं.

प्रयोगवहीचं शास्त्र मात्र आपल्याकडे फारच प्रगत आहे. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हा क्रम छापील. भरायची रीत उलटी. आधी निष्कर्ष, तो पुस्तकात असतोच. मग त्याला शोभेल असं निरीक्षण. मग कृती, ती गेल्या वर्षीच्या ताईच्या वहीतून. साहित्य सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. प्रयोग करायचाच राहिला तरी वहीत कुठे खिंडार दिसत नाही. ओहमच्या नियमाचा आलेख काढायचा असेल तर आधी पट्टीने सरळ रेघ मारायची आणि मग तिच्यावर ठिपके ठेवायचे. एक ठिपका मुद्दाम किंचित बाजूला ठेवणारा मुलगा पुढे जातो. त्याला विज्ञान कळलेलं नसतं, परीक्षक कळलेला असतो.

दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी ४०-४० लेखी परीक्षेचे आणि २० शाळेच्या हातातले. या वीसमध्ये काठावर पास झालेला मुलगा मी तरी अजून पाहिलेला नाही. निसर्ग आपल्या मुलांशी इतका सरळ वागतो की जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा.

नववीत लागलेलं हे वळण अकरावीत फळाला येतं. तिथे साधा दोलक हलवून गुरुत्व त्वरण काढतात. विषुववृत्तावर ते ९.७८, ध्रुवावर ९.८३. पुण्यात नीट मोजलं तर ९.७८च्या आसपास यायला हवं. वहीत येतं ९.८१. हा आकडा लंडनचा. दोरा पुण्याचा, गोळा पुण्याचा, आणि दोलक हलतोय टेम्सच्या काठी. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांचं गुरुत्वाकर्षण काही सुटलं नाही.

हा रोग फक्त पोरांचा म्हणाल तर तसंही नाही. रॉबर्ट मिलिकन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला. १९१३च्या निबंधात ५८ थेंब दिले आणि मोजले ते सगळे हेच, असं ठासून सांगितलं. पुढे अभ्यासकांनी त्याच्या वह्या उघडल्या तर थेंब कितीतरी जास्त. १९२३ला त्याला नोबेल मिळालं. त्याचा आकडा किंचित कमी होता, कारण हवेच्या चिकटपणाचा आकडाच त्याने चुकीचा धरला होता. पुढच्यांनी तो एकदम दुरुस्त केला का? नाही. रिचर्ड फाइनमन सांगत असे की नंतरचे आकडे हळूहळू, भीत भीत वर सरकत गेले. उत्तर मिलिकनपेक्षा फार मोठं आलं की लोक स्वतःची चूक शोधत बसायचे, जवळ आलं की शोधायचं थांबायचे. तिथे निदान कुणीतरी वह्या उघडल्या. आपण वह्या रद्दीत देतो, रद्दीचा भाव सोडवत नाही.

आणि लेखी परीक्षेतलं आपलं लाडकं 'शास्त्रीय कारणे लिहा'? त्याचं उत्तर मुद्द्यांत लिहायचं. पहिल्या मुद्द्यात व्याख्या, मधल्यांत जे आठवेल ते, आणि शेवटचा मुद्दा 'म्हणून'ने सुरू करून प्रश्नच पुन्हा उतरवायचा. आजवर कुठल्याही मुलाने 'हे कारण मला पटत नाही' असं लिहिलेलं ऐकिवात नाही. ज्याचं कारण विचारलंय ते मुळात घडतं तरी का, हे तपासायची तर सोयच नाही. त्याला गुण नाहीत.

भाचीला म्हटलं, "बाईंना जाऊन सांग, पुण्याची उंची ५६० मीटर आहे."

ती म्हणाली, "तो भूगोल झाला, मामा. भूगोलाच्या बाई वेगळ्या आहेत."

मग तिने खोडरबर घेतलं, तीन ठिकाणी १०० केलं आणि बाईंची सही घेऊन आली. आजीने हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "महाबळेश्वरला कुकर नव्हता तेव्हा डाळ कधी धड शिजली नाही." आजी सातवी पास.

तर सुट्टीत महाबळेश्वरला जाणार असाल तर सामानात एक तापमापी टाका. हॉटेलवाल्याकडून आधण मागून घ्या आणि मोजा. ९५-९६ येईल. मुलांना दाखवा. शाळेच्या वहीत मात्र लिहू देऊ नका.