विकत नाही, शिकवते!

“इतकं सुरेख विणतेस, मग विकत का नाहीस?”

सुया घेऊन बसणाऱ्या बाईला हा प्रश्न कधी ना कधी कुणीतरी विचारतंच. विचारणारा कौतुकानेच विचारतो, हे कबूल. पण या कौतुकाची मला चीड आहे. हातून काही चांगलं झालं की त्याची पावती फाटलीच पाहिजे, असं आपण धरूनच चाललो आहोत. गळा बरा असेल तर कार्यक्रम करा, हाताला चव असेल तर डबे सुरू करा, चार कुंड्या फुलल्या तर रोपं विका. संध्याकाळचे दोन तास मला आवडतं म्हणून घालवले, हे उत्तर कुणाला पुरत नाही.

बरं, पैशांचंच बोलायचं तर पैशांचंच बोलू. मोठ्या माणसाचा, पूर्ण बाह्यांचा, साध्या विणीचा स्वेटर घ्या. पाठीला 100 टाके आणि 150 ओळी धरल्या तर नुसत्या पाठीचे 15,000 टाके. पुढची बाजू तेवढीच. दोन बाह्या मिळून साधारण तेवढ्याच. झाले 45,000. हात सराईत आहे आणि मिनिटाला 20 टाके पडतात असं धरलं, तरी साडेसदतीस तास लागले. गळपट्टी, तुकडे जोडणं, सुटलेला टाका उचलण्यासाठी उसवलेल्या ओळी यात धरलेल्या नाहीत. तासाला फक्त 50 रुपये लावले तर मजुरी 1,875 रुपये, लोकर वेगळी. दर हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटर घेऊन येतात. त्यातला बराचसा माल लुधियानाच्या यंत्रांवर तयार झालेला असतो. त्या दराशी बोटांनी टक्कर द्यावी, असं सुचवणाऱ्याला टक्कर नाही द्यावी लागत.

म्हणून ज्या बायका ठामपणे “मी विकत नाही” म्हणतात, त्यांचं मला पटतं. स्वेटर मायेच्या माणसाला द्यायचा. पण त्याहून मोठी देण्याजोगी गोष्ट म्हणजे वीण. स्वेटर एकाच्याच अंगात जातो, वीण कितीही जणींना दिली तरी आपल्याकडची संपत नाही.

आणि ती द्यावीच लागते. पुस्तकात आकृत्या असतात, हल्ली चलचित्रंही भरपूर असतात, पण दोरा करंगळीवरून कसा घ्यायचा आणि किती सैल सोडायचा, हे शेजारी बसलेला हात बघूनच कळतं. शिकवणारी तुमच्या सुया स्वतःकडे घेते, दोन ओळी घालते आणि परत देते. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात अनोळखी बाईच्या अंगावरच्या स्वेटरचं टोक उलटून मागची बाजू बघितली जाते आणि ती बाई रागावत नाही. कारण वीण मागच्या बाजूनेही वाचता येते. उतरायच्या स्टेशनाआधी कागदाच्या चिठोऱ्यावर “2 सु. 2 उ., दोरा पुढे, 2 एकत्र” असं काहीतरी लिहून हातात पडतं. मराठी बायकांच्या मासिकांनी वर्षानुवर्षं असे नमुने छापले. ती पानं कापून वह्यांत चिकटवली गेली आणि त्या वह्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरल्या.

तरीही नमुना लपवणाऱ्या बायका आहेतच. “कुठली वीण आहे गं ही?” विचारलं की “साधीच आहे” म्हणून पदर सारखा करतात. बाई, ही वीण तुम्हाला आईच्या पोटात सुचली नव्हती. तुम्हालाही कुणीतरी मांडीशी बसवून दाखवली होती. ती पुढे न देणं हा कोतेपणा आहे आणि त्याला दुसरं नाव नाही.

याउलट 2016 साली चेन्नईत भारतातल्या क्रोशा करणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन 11,148.5 चौरस मीटरचं पांघरूण केलं आणि गिनीज बुकात जागतिक विक्रम नोंदला गेला. विक्रमाचं मला फार अप्रूप नाही. अप्रूप आहे ते वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या बायकांनी आपापल्या घरी चौकोन विणले याचं. ते जोडता आले, कारण साखळी, खांब, मुका खांब हे क्रोशाचे टाके सगळ्यांचे सारखेच होते. पुढे त्या पांघरुणाची लहान पांघरुणं करून ती गरजूंना दिली गेली.

आता वाचनाकडे येते, कारण दुखणं तेच आहे: नुसत्या आवडीसाठी घालवलेला वेळ कुणाला पटत नाही. हातात सुया असलेली बाई निदान कामात दिसते. हातात पुस्तक असलेली बाई रिकामी दिसते, आणि रिकाम्या बाईला हाक मारायला घरातला कुणीही मोकळा असतो. हे आजचं नाही. रमाबाई रानड्यांचं लग्न 1873 साली झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या पतीने, न्यायमूर्ती रानड्यांनी, त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी त्यापायी त्यांना किती छळलं, हे त्यांनीच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये लिहून ठेवलं आहे. रमाबाईंनी मात्र शिकलेलं स्वतःपाशी ठेवलं नाही. 1909 साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि कितीतरी जणी तिथे अक्षरं आणि हातकाम दोन्ही शिकल्या.

अक्षर आणि हातकाम यांची जोडी आपल्याकडे त्याआधीपासून होतीच. चातुर्मासात दुपारी पोथी लागायची. एकजण वाचणार, बाकीच्या वाती वळत ऐकणार. कान कथेत, बोटं कापसात. आज कानाला ध्वनिपुस्तक लावून सुलट-उलट विणणारी मुलगी त्याच बायकांची वारस आहे. तिला “एका वेळी एकच काम नीट कर” असं सांगू नका. तिची बोटं आपलं काम जाणतात.

वाचणाऱ्यांतही एक खोड बोकाळली आहे, आकड्यांची. वर्षाला 50 पुस्तकं, 100 पुस्तकं. डिसेंबर आला की लोक आकडा गाठण्यासाठी बारीक पुस्तकं शोधू लागतात. अहो, पुस्तकाची जाडी बघून पुस्तक निवडायचं? ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ज्याला पान मागे उलटून तेच पुन्हा वाचावंसं वाटलं, तो वर्षाअखेरीस मागे पडला म्हणायचं काय? टाके मोजतात ते स्वेटर अंगाला बसावा म्हणून. पुस्तकं मोजून कुठलं माप घ्यायचं आहे?

दुसरी खोड ‘वाचायलाच हवीत’ अशा याद्यांची. त्यांत ठरलेली दहा-पंधरा नावं असतात आणि ती वाचलेली असल्याची खूण कुठेच नसते. आवडलेलं सांगायचं तर आवडलेलंच सांगा, मोठं म्हणून गाजलेलं सांगू नका. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी अभ्यासाच्या पुस्तकात दुसरं पुस्तक लपवणारी अख्खी पिढी होती. त्यातल्या किती जणांनी पुढे आपल्या नातवंडांना हे मोकळेपणाने सांगितलं? दिवाणखान्यात जाडजूड ग्रंथ मांडले आणि नारायण धारपांच्या भयकथांची पुस्तकं माळ्यावर टाकली. नातवाला वाचनाची गोडी नाही म्हणून हळहळण्याआधी ते माळ्यावरचं खाली काढा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याच्या उशाशी ठेवा आणि खोलीतून निघून जा. समोर बसून “आवडलं का, आवडलं का” विचारू नका.

पुस्तक दिलं की परत येत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावर नाशिकला उपाय निघाला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची, विनायक रानडे यांनी चालवलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, ती वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल होते. सभासदत्वाचे पैसे नाहीत. पुस्तकं देणग्यांतून येतात. नाशिकपासून सुरू झालेल्या या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. सातारा जिल्ह्यातल्या भिलारने 2017 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावातल्या लोकांनी राहत्या घरांचे दरवाजे वाचकांसाठी उघडले. कुणाच्या ओसरीवर कथा-कादंबऱ्या, कुणाच्या खोलीत बालसाहित्य. अनोळखी माणसाने घरात येऊन बसावं आणि वाचावं, याला मोठं मन लागतं.

एवढं मोठं मन नसेल तर दिवाळी अंकापासून सुरुवात करा. 1909 साली ‘मासिक मनोरंजन’च्या का. र. मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा अंक फिरण्यासाठीच असतो. चार घरांनी चार वेगवेगळे घ्यावेत आणि बदलून वाचावेत. अंक परत देताना आवडलेल्या कथेच्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करावी. पुढचा वाचक ती खूण शोधतोच.

राहता राहिला ‘हे बायकांचे छंद’ हा शेरा. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे सुयांवरचं विणकाम पुरुष करतात. मुलगे लहानपणीच शिकतात, आणि डोक्यावरच्या टोपीवरून गडी लग्नाचा आहे की लग्न झालेला, हे गावाला कळतं. युनेस्कोने 2005 साली या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाचा मान दिला. तेव्हा निवृत्तीनंतर दिवसभर वृत्तवाहिन्यांपुढे बसून रक्तदाब वाढवणाऱ्या काकांच्या हाती सुया द्यायला हरकत कसली आहे? त्यांना गणित येतं, वेळ आहे, आणि सूनबाईंना बाळाच्या कुंचीचा नमुना कुणाकडून तरी हवाच आहे.

शिकवायला बसाल तेव्हा चार पदरी लोकर आणि आठ नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे आधीच सांगा, नाहीतर शिकणारा हौसेने बारा नंबर आणतो आणि रडकुंडीला येतो. पहिल्या दिवशी वीस टाके आणि सगळ्या ओळी सुलट. उलट टाका दुसऱ्या दिवशी. त्याने घातलेली ओळ त्याच्या पाठीमागे गुपचूप उसवून सरळ करू नका. आणि काळी किंवा गडद निळी लोकर देऊ नका, तिच्यात टाके दिसत नाहीत. फिकी पिवळी द्या.