विश्रांतीची मजुरी

नॉर्वे हा तेलावर गब्बर झालेला देश. ऑस्लोत लेकीच्या घरी नळ सोडला की गरम पाणी, आणि न्हाणीघराची फरशीसुद्धा आतून तापवलेली, पायाला गार लागायला नको म्हणून. आणि हीच माणसं ईस्टरची सुट्टी लागली रे लागली की हे सगळं सोडून डोंगरात पळतात. तिथे जुन्या लाकडी घरात नळ नसतो, वीज असली तर दिव्यापुरती असते, आणि संडास अंगणापलीकडे. अशा घराला ते 'ह्युत्ते' म्हणतात. जेमतेम 55 लाख वस्तीच्या देशात अशी सुट्टीची घरं 4 लाखांहून जास्त आहेत. त्यातल्या कित्येकांत आता ऑस्लोसारख्याच सोयी आल्या आहेत म्हणे, पण आमचे व्याही जुन्या वळणाचे.

लग्न ठरताना मुलाकडच्यांचं डोंगरात घर आहे एवढं कळलं होतं. तेवढ्यावर आमच्या हिने माहेरी सांगूनही टाकलं, "हिल स्टेशनला बंगला आहे त्यांचा."

बंगल्याकडे जायला ऑस्लो-बर्गनची गाडी. ही रेल्वे 1909 सालची, आणि डोंगराच्या माथ्यावरून जाते. उस्ताउसेट नावाच्या स्टेशनवर आम्ही उतरलो. चहूकडे बर्फ. "वसंत आलाय," जावई खोल श्वास घेऊन म्हणाला. त्याच मार्गावर पुढे, 1,222 मीटर उंचीवर, फिन्से हे स्टेशन आहे. तिथे मोटारीचा रस्ता जातच नाही. 'स्टार वॉर्स'च्या दुसऱ्या चित्रपटातल्या बर्फाळ ग्रहाचं चित्रीकरण 1979 साली तिथल्याच हिमनदीजवळ झालं. परका ग्रह दाखवायला सिनेमावाले जिथे गेले, त्याच्या थोडं अलीकडे आम्ही वसंत साजरा करायला आलो होतो.

व्याहीबुवा फलाटावर उभे होते. प्रवास कसा झाला, चहा झाला का, काही नाही. मान एकदा हलवली, आमची बॅग एका घसरगाडीला बांधली आणि चालू लागले. ही माझ्या कानाशी लागली, "रागावलेत का हो?"

"नाही गं आई," लेक म्हणाली, "खूश आहेत."

घर जावयाच्या आजोबांनी बांधलेलं. ते बर्फातून अर्धं वर आलं होतं, म्हणजे दार खालच्या अर्ध्यात. व्याह्यांनी किल्लीच्या आधी फावडी काढली. एक माझ्या हातात दिलं. पाहुण्याला फावडं देणं हाच तिथला मानपान असावा. दार उकरलं, मग संडासाची वाट उकरली, मग खुद्द संडास उकरला. लाकडं फोडली, शेगडी पेटवली. पाण्यासाठी बर्फ वितळवायचा. पातेलंभर भुसभुशीत बर्फ वितळला की त्याचं कसंबसं वाटीभर पाणी होतं, हे मला पाठ्यपुस्तकात कोणी शिकवलं नव्हतं. चहाची तलफ आली की आम्ही पुन्हा बादली घेऊन बाहेर. दिवस मावळताना जावई घाम पुसत म्हणाला, "इथे आलं की किती मोकळं वाटतं! काही कामच नसतं."

संडासाबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे. आत भिंतीवर राजेसाहेब आणि राणीसाहेबांची तसबीर होती. अशा जागी तसबीर लावणं हे तिथे राजनिष्ठेचं आणि प्रेमाचं लक्षण समजतात. आपल्याकडे कोणी कोणा राजाची लावून बघावी; संध्याकाळच्या आत मोर्चा. बैठक थर्माकोलची. उणे तापमानात लाकडावर बसवत नाही, थर्माकोल मात्र बसताक्षणी ऊब देतो. महाराष्ट्रात 2018 साली थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हा या वस्तूच्या अंगी असे गुण असतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

जेवणात तपकिरी चीज होतं. दुधाची निवळी आटवून आटवून करतात, चवीला गोडसर. हिने तुकडा तोंडात घोळवला आणि निकाल दिला, "पेढा करायला घेतला आणि मधेच फोन आला."

रात्री सगळे शेगडीभोवती बसले. मला वाटलं, आता गप्पा रंगणार. प्रत्येकाने एकेक पुस्तक काढलं आणि शांतता पसरली. पुस्तकं कसली, तर खुनाची. येशूच्या बलिदानाच्या दिवसांत अख्खा नॉर्वे रहस्यकथा वाचतो, त्याचं मूळ एका जाहिरातीत आहे. 1923 साली नोर्डाल ग्रीग आणि निल्स ली या दोघांनी टोपणनावाने बर्गनची गाडी लुटल्याची कादंबरी लिहिली. प्रकाशकाने ईस्टरच्या तोंडावर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, बातमीच्या थाटात, गाडी लुटली गेल्याचं छापून दिलं. लोक हादरले, पुस्तक खपलं, आणि रीत पडली. आता दुधाच्या खोक्यावरसुद्धा ईस्टरला छोटी रहस्यकथा छापतात. आमच्या विहीणबाई शेगडीतली राख काढतानाही आवाज होऊ देत नाहीत, इतक्या सौम्य. पुस्तकात मान घालून त्या मधेच लेकीला काहीतरी पुटपुटल्या. मी अर्थ विचारला. "दुसरं प्रेत सापडलं," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्की. व्याह्यांनी मला एक चॉकलेट दिलं, 1937 पासून चालत आलेलं 'क्विक लुन्श'. त्याच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला डोंगरात कसं वागावं याचे नऊ नियम छापलेले असतात. एका नियमाचा भावार्थ असा की वेळीच मागे फिरावं, त्यात लाज नाही. घराचं छप्पर नजरेआड होण्यापूर्वीच मी हा नियम व्याह्यांना वाचून दाखवला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. तिथे नियम म्हणजे नियम.

मग मी घराच्या उन्हाकडच्या भिंतीला टेकून बसलो, लोकरीत गुंडाळलेला, हातात संत्रं. ईस्टरला डोंगरात संत्रं खायचंच, अशीही रीत आहे. हळूहळू सगळी मंडळी परतली आणि ओळीने बसून, डोळे मिटून, सूर्याकडे तोंड करून राहिली. चैत्रात आपण सावली शोधत फिरतो; हे ऊन साठवत बसले होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. हीसुद्धा बोलली नाही, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

नोंदीची सोय होती म्हणा. निघताना घराच्या वहीत लिहायचं असतं. व्याह्यांनी तारीख, तापमान, वारा, जळालेली लाकडं असं सगळं लिहिलं. शेवटच्या ओळीचा लेकीने अर्थ सांगितला: "भारतातून पाहुणे आले होते. हवा चांगली होती. खूप गप्पा झाल्या."

तुमच्यापैकी कोणाच्या लेकीचं सासर तिकडे असेल आणि ईस्टरचं बोलावणं आलं, तर जरूर जा. लोकरीचे पायमोजे दोन जोड जास्त घ्या, आणि बाबूराव अर्नाळकरांची चार-पाच पुस्तकं. चहा मात्र ऑस्लोतच पिऊन निघा.