सहकुटुंब, सकॅन्सर सिंगापूर

बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या जोडप्यात निदान एकाला कॅन्सर आहे आणि दोघांचीही हौस अजून शिल्लक आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. दोघांनाही असल्यास एक फाइल जास्त धरावी. एकालाही नसल्यास ट्रॅव्हल कंपनीचं रंगीत पत्रक पुरे, पुढे वाचू नये.

प्रस्तुत मार्गदर्शकाचा अनुभव एका दौऱ्याचा आहे. हिला स्तनाचा कॅन्सर, दुसऱ्यांदा आलेला. आधी लाल किमो झाली, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. आता कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरीच घ्यायच्या. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. मग सात दिवस सुट्टी. दवाखान्यात याला सायकल म्हणतात. लोक शाळेच्या सुट्ट्या पाहून तिकिटं काढतात, आम्ही गोळ्यांची सुट्टी पाहून काढली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र नाही. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, काउंट बरे म्हणाले आणि विचारलं, "किती दिवस?" आमच्या फाइलीवर हा प्रश्न पहिल्यांदाच आमच्याऐवजी त्यांच्याकडून आला.

आता परवानग्या. व्हिसा लवकर येतो, नातेवाइकांचा लवकर येत नाही. "वहिनीले या हालतीत कायले नेतं रे बाप्पा? इन्फेक्शन झालं म्हंजे?" हे मावसभाऊ म्हणाला, आणि म्हणण्याआधी त्याला उठून खर्रा थुंकून यावं लागलं. मी मदतीला सोबत येऊ का, असंही त्यानं विचारलं. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूला बंदी आहे, च्युइंगगमसुद्धा नेता येत नाही, एवढं सांगणं पुरलं.

कॅन्सरवाल्यानं प्रवास करायचा तो मुंबईचा, असा आमच्याकडे पक्का समज आहे. राजूर घाट उतरायचा, मलकापूरला विदर्भ एक्स्प्रेस धरायची, परळला रांगेत उभं राहायचं. रेल्वेचंही मत हेच. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. नियमात 'उपचार' हा शब्द आहे, 'हौस' नाही. अजिंठा पाहायला निघालेला कॅन्सर रुग्ण पूर्ण तिकिटाचा धनी.

अशा वेळी वादात टाटांना उतरवावं. त्याच परळच्या टाटा हॉस्पिटलची गोष्ट सांगावी. सर दोराबजींची पत्नी मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळणारी बाई. तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि १९३१ च्या जूनमध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ती गेली. दुसऱ्या वर्षी, पुन्हा जूनमध्येच, दोराबजी जर्मनीत गेले. दोघं लंडनजवळ ब्रूकवूडच्या दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं हॉस्पिटल उघडलं. म्हणजे आमच्या जिल्ह्यातले लोक ज्या रांगेत उभे राहतात, तिची सुरुवात परदेशात गेलेल्या एका जोडप्यापासून होते. हे ऐकून मावसभाऊ म्हणाला, "मंग वापस आले नाहीत ना ते?" तेव्हा उदाहरण देताना शेवटची वाक्यं गाळावीत.

पासपोर्टच्या फोटोचा प्रश्न मोठा. हिचा फोटो जानेवारी २०२५ मधला, डोक्यावर एक केस नाही. त्याच महिन्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस थोड्याच दिवसांत मुठीमुठीनं गळू लागले, टीव्हीवाले आले, आयसीएमआरचं पथक आलं. त्यामुळे एसटीत हिचा स्कार्फ सरकला की शेजारची बाई हळहळून विचारायची, "शेगावकडच्या का?" ही पहिल्यांदा खरं सांगायची. मग बाई सरकून बसायची. नंतर ही "हाव" म्हणू लागली. शेगावकडचं टक्कल परवडतं, लोक जवळ येऊन बघतात तरी. आता केस आलेत, कुरळे आणि पांढरे, पासपोर्टात मात्र तेच टक्कल. तेव्हा डॉक्टरांचं पत्र पासपोर्टाच्या पोटातच ठेवावं.

पण केसांपेक्षा अंगठा घातकी. कॅपेसिटाबिननं तळहात लाल होतात, सोलतात, बोटांच्या रेषा पुसट होतात. २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली हकिकत आहे. सिंगापूरचाच एक बासष्ट वर्षांचा गृहस्थ, हेच औषध चालू, नातेवाइकांना भेटायला अमेरिकेला गेला. बोटांचे ठसे उमटेनात म्हणून विमानतळावर त्याला चार तास बसवून ठेवलं. आम्हाला ही हकिकत वाचायची गरज पडली नाही. रेशनच्या मशीनवर हिचा अंगठा त्याआधीच बाद झाला होता. दुकानदार म्हणाला, "काकू, हात धुऊन या." धुतला. "तेल लावा." लावलं. "दुसरं बोट." दहाही झाली. मागच्या शेतकऱ्याचाही लागला नाही, पण त्याचा कुदळीनं गेला होता. शेवटी अंगठा माझा लावला, गहू घरी आले. ब्रिटनच्या व्हिसाला दहा बोटं मागतात, युरोपच्याही. सिंगापूरच्या व्हिसाला मागत नाहीत आणि उतरल्यावर मुख्यतः डोळे नि चेहरा पाहतात. देश कसा निवडला, असं कुणी विचारलं तर आम्ही 'स्वच्छता' सांगतो.

विम्याचा फॉर्म भरताना 'आधीपासूनचा आजार' या रकान्यापाशी पेन थांबतं. थांबू द्यावं, पण खोटं लिहू नये. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी नेमका सापडतो. आम्ही खरं लिहिलं. एजंटानं समजावलं की बॅग हरवली तर पैसे मिळतील, विमान चुकलं तर मिळतील, पाय मोडला तरी मिळतील. "आणि कॅन्सरचं काही झालं तर?" "काका, ते सोडून बोला." आम्ही ते सोडून दोन माणसांचा विमा काढला.

औषधांचा पाऊच हा दौऱ्याचा प्रमुख. तो पोटाशी बांधावा, सामानात कदापि देऊ नये. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट, आणि परतीचं विमान रद्द होईल असं समजून चार दिवसांच्या जास्त. डाव्या कप्प्यात एमसेट, उलटीसाठी. उजव्यात जुलाबाच्या गोळ्या आणि ओआरएस. मधल्यात थर्मामीटर, कारण ताप १००.४ च्या वर गेला की पर्यटन संपून थेट दवाखाना. सिंगापूर हा अमली पदार्थांसाठी फाशी देणारा देश आहे, आणि तुम्ही पोटाला पांढऱ्या गोळ्या बांधून शिरताय, हे ध्यानात असू द्यावं. मॉर्फिनसारखं काही चालू असेल तर त्यांच्या आरोग्य खात्याची परवानगी निघण्याआधीच काढावी. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेतलेल्यांनी तेही पत्र ठेवावं. कित्येक आठवडे उलटले तरी विमानतळावरचं यंत्र अशा माणसाला बघून ओरडू शकतं.

ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सामान, सुई आणि बीपीचा पट्टा वर्ज्य. या नियमाचा फायदा बायकोला इतका समजतो की दुसऱ्या हातातली पर्सही हळूहळू तुमच्याकडे येते. विमान साडेपाच तासांचं. कॅन्सर असताना पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले मोजे घालावेत, पाणी प्यावं, दर तासाला उठून चालावं. आपल्याकडच्या रस्त्यांवर ही काळजी खड्डे घेतात.

जेवणाचं फार लिहीत नाही. ताजं, गरम, शिजलेलं खावं, कच्चं सोडावं. तोंड आलेलं असेल तर ठेचा घरीच ठेवावा. शेगावची कचोरी मी माझ्यासाठी नेली होती. ती हिनं नुसती हुंगली आणि परत दिली. त्यानंतर मलाही ती नीट गेली नाही, पण हा भाग मार्गदर्शनाचा नाही.

सिंगापुरात काय पाहावं? कमी. सकाळी एक, संध्याकाळी एक, मध्ये झोप. दुपारचं ऊन आणि लांबची चाल तळपायांना सोसत नाही. व्हीलचेअर मिळते तिथे घ्यावी. आधी ही नको म्हणाली, मग बसली, मग म्हणाली, "लग्नात तरी कुठं वरातीत बसवलं होतं मला?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाडीकाठी मर्लायन पाहिला. सिंहाचं डोकं, माशाचं धड, उंची ८.६ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट. आमचा नांदुऱ्याचा हनुमान १०५ फूट. ही खुर्चीत बसून बराच वेळ मर्लायनकडे बघत होती. जगभरचे लोक तोंड उघडून, ओंजळ धरून, ते पाणी पितोय असे फोटो काढत होते. त्याच्या तोंडातून धार काही थांबत नव्हती.

"अहो," ही म्हणाली, "याची किमो कालच झालेली दिसते."

मी हसू की नको, अशा बेतात होतो.

"सारखा ओकतोय बिचारा. एमसेट द्या की त्याला."

मी पाऊच उघडला. डावा कप्पा. दोन स्ट्रिपा होत्या, एकही गोळी फोडलेली नव्हती.