दोन केबीचं पुण्य

आमच्या नारायण पेठेतल्या छापखान्यात एक सर्व्हर होता आणि त्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. २०११ साली आला तेव्हा तो नुसता ‘सर्व्हर’च होता. पण पुढे तो सकाळी बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत अकरा मिनिटं घेऊ लागला, मधूनच कण्हू लागला, उन्हाळ्यात त्याला स्वतंत्र टेबलफॅन लागू लागला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जो मान मिळतो तो आपसूक त्याच्याकडे चालत आला. नवा पोरगा कामाला लागला की त्याला पहिली ताकीद हीच मिळे, “थोरले उठल्याशिवाय प्रिंट द्यायची नाही.”

थोरल्यांच्या पोटात काय नव्हतं? टॅलीतला सगळा हिशेब, गिऱ्हाइकांच्या उधाऱ्या, लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका, आणि पेजमेकरमध्ये केलेली असंख्य कामं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. आमच्याकडे ती अजून चालू आहे, कारण गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “मोठीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची काढा. फक्त नवरा बदला.”

दर दसऱ्याला ऑफसेट मशीन, कटिंग मशीन आणि थोरले अशी तिघांची पूजा होई. हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढा. हार थोरल्यांच्या पुढच्या जाळीवर लोंबकळे. ती जाळी हवा आत घ्यायची आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण देवाच्या गळ्यात हार घालताना देवाला श्वास घ्यायला त्रास होईल, असा विचार कोण करतं? हार सुकायचा, पाकळ्या पंख्यात ओढल्या जायच्या, आणि दिवाळीपर्यंत वरच्या मजल्यावर मंद असा झेंडूचा वास दरवळायचा.

गुरुवार हा पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. अशाच एका गुरुवारी वीज गेली, यूपीएसनं दोन शिट्ट्या मारून मान टाकली, आणि वीज परत आल्यावर थोरले जागे झाले ते थेट १ जानेवारी २०१० या तारखेत. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. २०१० साली जीएसटी नव्हता, त्यामुळे थोरल्यांचा चेहरा उलट प्रसन्न दिसत होता. पण त्या दिवशी उठायला त्यांनी चाळीस मिनिटं लावली, आणि त्या चाळीस मिनिटांत मला आमच्या येणे रकमांची एक यादी डोळ्यांसमोर दिसू लागली, जी थोरल्यांखेरीज जगात कुठेच नव्हती.

मी कॉम्प्युटरवाल्या मुलाला फोन केला.

मुलगा पंचविशीचा, पाठीला सॅक, बोलणं मोजकं. त्यानं थोरल्यांपुढे मांडी घातली आणि दहा मिनिटांनी म्हणाला, “सर, ह्याची विंडोज २००८ आर-टू आहे. एंड ऑफ लाइफ झालंय.”

“कधी?” काकांनी विचारलं. काका म्हणजे माझे सख्खे काका, वय ७८, छापखान्याचे मालक.

“१४ जानेवारी २०२० ला, आजोबा. त्यानंतर कंपनीनं सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं.”

काकांनी हिशेब केला. त्या वर्षी संक्रांत १५ तारखेला होती. म्हणजे १४ ला भोगी. आम्ही घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी चापत होतो, आणि इकडे थोरल्यांचं छत्र हरपत होतं. “कोणी कळवलं नाही,” काका म्हणाले. कळवलं होतं. पडद्यावर खिडकी यायची आणि आम्ही ती बंद करायचो.

मग मुलानं खिशातून रुमाल काढून थोरल्यांचं कपाळ पुसलं. दसऱ्यांची हळद आणि कुंकू निघालं, आणि त्याखाली एक दिवा दिसला. पिवळसर. लुकलुकणारा.

“ही लाइट कधीपासून लागतीये?”

“ती हळद आहे,” काका म्हणाले.

ती हळद नव्हती. आत दोन डिस्क होत्या, एकमेकींचा आरसा. जे एकीवर तेच दुसरीवर. त्यातली एक केव्हाच वारली होती. केव्हा, ते थोरल्यांच्या नोंदवहीत होतं. २०१९. सहा वर्षं सगळा छापखाना एका डिस्कवर, तीही म्हातारीवर, चालला होता, आणि ती बिचारी दिवा लावून हाका मारत होती, तर आम्ही दर साली त्या दिव्यावर हळदकुंकू वाहत होतो.

“पण बॅकअप होताच ना,” काका म्हणाले. “आरसा म्हणजे बॅकअपच.”

“नाही आजोबा. चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. तुम्ही टक्कल केलंत तर आरशातला माणूस केस राखून बसतो का?”

काकांना उपमा आवडली नाही. त्यांना केस नाहीत.

“ऑफसाइट काही आहे का?” मुलानं विचारलं.

“म्हणजे काय!” काका ताठ झाले. “चाळीस वर्षं झाली. पेठेत ऑफसेट आणणाऱ्या पहिल्या काहींत आपण.”

ऑफसेट आणि ऑफसाइट यांतला फरक कळायला पाच मिनिटं गेली. छापखान्याबाहेर, दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत म्हणजे ऑफसाइट. ती आहे म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. काकू म्हणजे हिशेबाच्या काकू. काका माझे, काकू हिशेबाच्या. दोघांचा एकमेकांशी संबंध व्हाउचरवरच्या सहीपुरता.

इथे मला काकूंची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. काकू रोज संध्याकाळी सहा वाजता आपल्या कॉम्प्युटरला बाहेरची डिस्क जोडत. त्या दिवसाच्या तारखेचं नवं फोल्डर करत. ‘हिशेब’ नावाचं चित्र माउसनं ओढून त्यात सोडत. मग डिस्क काढून, फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून कोथरूडला घरी नेत. अकरा वर्षं. ताप असताना. सुनेच्या डोहाळेजेवणाच्या दिवशी. एवढंच नाही, तर नेल्यावर नीट नेलंय ना म्हणून आठवड्यातून एकदा त्या डिस्कवरचा ‘हिशेब’ उघडूनही बघत. तो उघडे. आकडे बरोबर असत. याहून जबाबदार माणूस मी पाहिलेला नाही.

काकूंना एकाच गोष्टीचा अभिमान होता. दुसऱ्या छापखान्यातल्या बाईंना बॅकअपला अर्धा तास लागे, आणि काकूंचा चुटकीसरशी होई.

मुलानं डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. तीन हजारांच्या वर फोल्डर. त्यानं एक उघडलं, दुसरं उघडलं, मधलं एक उघडलं, आणि मग त्यानं असं काही केलं नाही की ज्यानं काकूंना वाईट वाटेल. फक्त चष्मा काढून पुसला.

“काकू, ह्या चित्राच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण आहे, बघितलात?”

“हो. पहिल्यापासून आहे. मला वाटलं, वरच्या मजल्यावरचं आहे म्हणून.”

थोरले वरच्या मजल्यावर होते, त्यामुळे तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण तो बाण म्हणजे शॉर्टकट. ‘हिशेब’ हे चित्र म्हणजे हिशेब नव्हे. हिशेब थोरल्यांकडे आहे, असं सांगणारी ती पाटी. काकूंनी डिस्कवर उघडून पाहिला की पाटी त्यांना निमूटपणे थोरल्यांकडे नेऊन सोडी, आणि आकडे अर्थातच बरोबर असत. परक्या लॅपटॉपवर पाटी होती, पण पत्ता नव्हता. प्रत्येक पाटीचं वजन जेमतेम दोन केबी. अकरा वर्षांचा बॅकअप सगळा मिळून सात एमबीच्या आसपास भरला. माझ्या मोबाइलमधल्या आमरसाच्या वाटीच्या दोन फोटोंएवढा. पुण्यात पाट्यांचा तुटवडा कधीच नव्हता, पण रोज एक या हिशेबानं त्या घरी नेऊन जपून ठेवणाऱ्या आमच्या काकू एकट्याच.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. ते बघवत नव्हतं.

त्या शांततेत काका एकदम म्हणाले, “दिवाणजी असते तर असं झालं नसतं.”

दिवाणजी म्हणजे आजोबांच्या वेळचे. त्यांची गोष्ट आमच्याकडे दर पावसाळ्यात निघते. १२ जुलै १९६१, बुधवार. काका तेव्हा चौदा वर्षांचे. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठा पेठांत शिरली. छापखाना पाण्याखाली गेला. पाणी उतरलं तेव्हा खिळ्यांच्या केसमध्ये घरोघर गाळ भरलेला, जोडाक्षरं वेगळी करायला सहा महिने गेले, कागदाच्या रिमांचा लगदा झालेला, रोजकीर्दीचा तर पत्ताच नाही. पण खतावणी वाचली. ती भवानी पेठेत दिवाणजींच्या घरी ट्रंकेत होती. दिवाणजी रोज रात्री खतावणी पिशवीत घालून घरी नेत आणि सकाळी परत आणत. त्या दिवशी आवई ऐकून ते घरीच थांबले. पुढे आजोबांनी त्या खतावणीवरून दारोदार फिरून उधारी वसूल केली आणि छापखाना उभा केला.

हे सगळं मी शंभरदा ऐकलेलं. पण दिवाणजी वही घरी का नेत, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी ते विचारलं.

“कारण त्यांचा वडिलांवर विश्वास नव्हता,” काका म्हणाले. “रात्रीतून मालक आकडे बदलतील, अशी त्यांना धास्ती होती.”

म्हणजे आमचा छापखाना पुरातून तरला तो श्रद्धेवर नव्हे, संशयावर. आणि आम्ही त्या खतावणीच्या वंशजाला हार घालत बसलो होतो.

मुलानं कागदावर ३-२-१ असं लिहिलं. पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन छायाचित्रकारानं फोटो सांभाळण्याबद्दलच्या आपल्या पुस्तकात मांडलेला हा नियम. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. काकांनी कागद वाचला आणि खाली दीड लाखाचा आकडा पाहून परत दिला. “एवढ्यात सेकंडहँड ऑफसेट मशीन आलं होतं.” शेवटी सीएंचा फोन कामी आला. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, आणि अधिकाऱ्यासमोर पाट्या ठेवून चालत नाही, असं त्यांनी थंडपणे सांगितलं. काकांनी चेकबुक काढलं.

बदलीचा मुहूर्त रविवारचा ठरला. नवा सर्व्हर आला. दिसायला इतका सडपातळ की काकांना तो फसवणुकीचा प्रकार वाटला. मुलानं रात्री थोरल्यांकडून त्याच्याकडे माल न्यायला सुरुवात केली. आम्ही सगळे बसून होतो. थोरले कण्हत होते, उरलेली एकटी डिस्क मधूनच कुर्रकुर्र करत होती, आणि खोलीत कोणीही मोठ्यानं बोलत नव्हतं. अतिदक्षता विभागाबाहेर बसतात तसं. काकूंनी थर्मासमधून चहा आणला होता. पहाटे पाचला सगळं पार पडलं. एक फोल्डर सोडून.

त्या फोल्डरचं नाव ‘नवीन फोल्डर (१४)’. डिस्कचा तेवढाच तुकडा खराब होता. त्यात काय होतं, कोणालाही माहीत नाही. पण तेव्हापासून छापखान्यात जे जे सापडत नाही ते सगळं त्यातच होतं. एका गिऱ्हाइकानं २०१७ ची उधारी नाकारली, त्याची पावती ‘नवीन फोल्डर (१४)’मध्ये होती. काकांनी लिहायला घेतलेल्या आत्मचरित्राची पहिली दोन प्रकरणंही त्यातच होती, असं काका म्हणतात. काकांना टायपिंग येत नाही.

मराठी फाँटचा वेगळाच तमाशा झाला. जुन्या फाँटला एक कुलूप असे, डोंगल नावाचं, ते कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या रुंद खाचेत खोचायचं. नव्या मशीनला ती खाचच नाही. कुलपाशिवाय फाइल उघडली तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची खूण. म्हणून हिशेबाच्या खोलीतला एक जुना कॉम्प्युटर फक्त त्या कुलपासाठी राखून ठेवलाय. त्याला इंटरनेट नाही, आणि त्याला सगळे आतापासूनच ‘धाकले’ म्हणू लागलेत.

आता रात्री सव्वादहाला हिशेबाची एक प्रत आपोआप क्लाउडवर जाते, दुसरी माळ्यावरच्या छोट्या पेटीत उतरते. शिवाय दोन बाहेरच्या डिस्क आहेत, एक छापखान्यात आणि एक काकूंच्या पिशवीत; दर शनिवारी त्यांची अदलाबदल. काकूंनी ही डिस्क हट्टानं मागून घेतली. “तुमच्या क्लाउडवर माझा विश्वास नाही,” त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकून मला इतकं निर्धास्त वाटलं की विचारू नका.

आणि दर महिन्याला परीक्षा. ती कधी घ्यायची यावर वाद झाला. एक तारीख म्हटलं तर पगार, पंधरा म्हटलं तर कोणाच्या लक्षात राहात नाही. काकांनी संकष्टी सुचवली. ती महिन्याला येते, कोणी विसरत नाही, आणि अर्ध्या लोकांना उपास असतो. चिठ्ठी काढून एक जुनी फाइल ठरवायची, सर्व्हरची वायर काढून ठेवायची, परक्या लॅपटॉपवर ती फाइल बॅकअपमधून उठवायची, आणि तिचं वजन काकूंनी मोठ्यानं वाचायचं. फाइल उघडल्याशिवाय उपास सोडायचा नाही. जूनमध्ये क्लाउडचा पासवर्ड आठवेना, तेव्हा चंद्र उगवून सव्वा तास झाला तरी मोदक झाकून ठेवलेले होते. अंगारकी आली तर अख्खा सर्व्हर.

दसऱ्याला नव्या सर्व्हरचीही पूजा झाली. हार पाठीमागून घातला.

काकूंच्या जुन्या डिस्कवरच्या त्या तीन हजार पाट्या पुसायला कोणाचा हात धजावला नाही. मुलानं ते सगळं फोल्डर नव्या सर्व्हरवर घेतलं. त्यामुळे ते रोज रात्री सव्वादहाला इतर मालाबरोबर क्लाउडवर जातं, माळ्यावर जातं आणि दर शनिवारी पिशवीतून कोथरूडला जातं.