डिस्कचं बिऱ्हाड

भिवंडीत कुठलीच गोष्ट एका जागी फार काळ टिकत नाही. माल तर नाहीच. तो इथे येतो तोच पुढे जाण्यासाठी. पण गोडाऊनंसुद्धा हलतात. काल्हेरचं भाडं परवडेनासं झालं की दापोडे, तिथली जागा अपुरी पडली की माणकोली. रॅक, पंखे, वजनकाटा, गणपतीची तसबीर असं सगळं टेम्पोत चढतं, आणि अगदी शेवटी कुणाला तरी आठवतं, की एसीच्या त्या बारक्या खोलीत सर्व्हर नावाचं एक प्रकरण आहे.

सर्व्हर हलवायचा म्हणजे लोकांच्या मते त्याच्या डिस्क हलवायच्या. नवी पेटी आलेलीच आहे, जुन्यातल्या दोन डिस्क काढून तिच्यात सरकवा, झालं. दोन्हींवर अक्षर न् अक्षर तेच. एक गेली तर दुसरी आहेच. हा बंदोबस्त जुनाच. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक डिस्क मिळून चालवण्याच्या पद्धतीला रेड हे नाव देणारा निबंध लिहिला, तेव्हाही ही आरसाजोडी रूढ होती. त्यांच्या हिशेबात ती सगळ्यांत महाग पडत होती, कारण एका डिस्कच्या मजकुराला दोन डिस्कचे पैसे. त्यांनी काटकसरीचे मार्ग सुचवले, ते चाललेही. पण यंत्र ज्या डिस्कवरून उठतं तिथे काटकसर करायला लोक अजून धजत नाहीत.

तर अशाच एका गोडाऊनात जोडी नव्या पेटीत बसवली जात होती. ट्रेवर दसऱ्याचं हळदकुंकू होतं, जाळीत झेंडूची वाळकी पाकळी. कुण्या शहाण्याने मार्करने १ आणि २ लिहून ठेवलेलं होतं, आणि कुंकवाचं बोट नेमकं आकड्यांवरच उमटलेलं. डिस्क खटकन बसल्या. बटण दाबलं. पंखे जीव खाऊन घोंघावले, आणि पडद्यावर आलं की उठण्याजोगी डिस्कच सापडत नाही.

"दोन्ही आतच हायेत," सुपरवायझरकाका म्हणाले. "मी सोताच्या हातानं बसवल्यात."

काकांचं खरंच होतं. पण हल्लीच्या यंत्रात कुठल्या डिस्कवरची कुठली फाइल आधी उघडायची, ती नोंद मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. डिस्क नव्या घरी आल्या, नोंद जुन्या पेटीत राहिली, आणि जुनी पेटी एव्हाना भंगारवाल्याच्या हातगाडीवर. ठरलेल्या जागी राखीव फाइल असती तर नव्या बोर्डाने ती आपणहून उचलली असती. नव्हती. मग पेनड्राइव्हवरून यंत्र उठवलं, तर तिथे आणखी एक गंमत: बूटचा छोटासा भाग आरशात नव्हताच. तो एकाच डिस्कवर होता. म्हणजे इतकी वर्षं ज्या दुसरीच्या भरवशावर सगळे निवांत झोपले, तिला एकटीने उठताच आलं नसतं.

पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने जोडीवर जुन्या यजमानाचं नाव वाचलं, ही आपली नव्हे असं ठरवलं, आणि एमडी० ऐवजी एमडी१२७ असा कुठला तरी कडेचा नंबर देऊन मोकळं झालं. ज्यांच्याकडे स्वतंत्र रेड कार्ड असतं त्यांची तऱ्हा निराळी. तिथे माणकोलीच्या डिस्कला काल्हेरचं कार्ड सरळ 'फॉरेन' म्हणतं आणि विचारतं, इम्पोर्ट की क्लिअर? क्लिअर म्हणजे पडदा स्वच्छ होईल, अशा समजुतीने बोट पुढे करणारे मला भेटले आहेत. त्यांचे हात धरण्यात माझी निम्मी नोकरी जाते.

जागा बदललेलं यंत्र लगेच चालत नाही, हे खरं तर भिवंडीला कुणी सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले कितीतरी माग याच गावाने विकत घेतले. माग तोच, धोटा तोच, पण नव्या शेडमध्ये आला की तो पहिल्या दिवशी कापड देत नाही. जॉबर पाणसळ लावतो, पायांखाली पाचरी ठोकतो, धोटा फेकणारी काठी पुन्हा जुळवतो, आणि धोटा उडून कुणाला लागू नये म्हणून पहिली काही मिनिटं सगळ्यांना बाजूला उभं करतो. मागाच्या बाबतीत ही सबुरी गावाच्या अंगात मुरलेली. सर्व्हर मात्र टीव्हीसारखा लगेच लागला पाहिजे.

सगळ्यांत वाईट उपाय काकांनीच सुचवला. "भंगारवाल्याला थांबवा. एक जुन्या पेटीत घाला, एक नवीत. जी चालंल ती आपली." बूटचा भाग दोन्हींवर बसवला की दोन्ही चालतील, पंचाईत तीच. जोडी तुटली की प्रत्येक डिस्क स्वतःला वाचलेली समजते आणि आपापल्या चलनांची नोंद पुढे नेते. पुन्हा एकत्र आणल्यावर लिनक्स दोघींवरचे बदलांचे आकडे बघतं. जिचा आकडा मोठा तिचं खरं धरलं जातं, आणि जुळणी करताना दुसरीवर तेच छापलं जातं. मागे पडलेल्या डिस्कवर दिवसभराची आवक असली तरी तिला कुणी विचारत नाही.

बूटलोडर दोन्हींवर बसवला, यंत्र उठलं. लेबल प्रिंटर तरीही गप्प. नव्या पेटीत नेटवर्क कार्ड वेगळ्या खाचेत, म्हणून त्याचं नाव वेगळं, आणि आयपी पत्ता जुन्या नावाने लिहून ठेवलेला. तो बदलला. हाताळणीत एक डिस्क जोडीतून निसटली होती, ती परत घेतली. पडद्यावर टक्के चढू लागले: ३.४, ३.५. बाहेर गाड्या लागलेल्या, हमाल तंबाखू मळत बसलेले. मी म्हटलं, "काका, करा लोडिंग सुरू. जुळणी मागे चालू राहील, कामाला अडचण नाही."

सकाळपासून माझ्या मागे घाई लावणारे काका खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

"शंभर होऊ द्या. अर्ध्या भरलेल्या गाडीला मी गेटपास देत नाय."